महाभियोग म्हणजे पदच्युती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या न्यायाधीशाविरुद्ध खासदारांनी सह्या केल्या, की दुसऱ्या दिवशी मथळा झळकतो : ‘न्यायमूर्तींवर महाभियोग’. दोन शब्दांच्या या मथळ्यात दोन चुका आहेत. त्या वेळी फक्त नोटीस दिलेली असते, ती दाखल करून घ्यायची की नाही हेही ठरलेले नसते. आणि न्यायाधीशांच्या बाबतीत आपल्या राज्यघटनेने हा शब्द वापरलेलाच नाही.

‘अभियोग’ म्हणजे आरोप, फिर्याद. सरकारच्या वतीने खटला चालवणाऱ्याला आपण सरकारी अभियोक्ता म्हणतो, आरोप ज्याच्यावर तो अभियुक्त. तेव्हा महाभियोग हा फार तर मोठा आरोप झाला. निकाल नव्हे, शिक्षा तर नव्हेच. (‘महाअभियोग’ असेही छापलेले दिसते. संधी होऊन शब्द ‘महाभियोग’ असाच होतो.)

हा फरक लक्षात न घेतल्याने परदेशी बातम्यांत फार घोळ होतो. अमेरिकेत प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने महाभियोग मंजूर करते, म्हणजे दोषारोप ठेवते. खटला चालतो सिनेटमध्ये, आणि दोषी ठरवायला तिथे दोन तृतीयांश मते लागतात. अँड्र्यू जॉन्सन (१८६८), बिल क्लिंटन आणि डोनाल्ड ट्रम्प (दोनदा) यांच्यावर महाभियोग मंजूर झाला, पण पदावरून कोणीच गेले नाही; जॉन्सन तर एका मताने वाचले. निक्सन यांनी १९७४ मध्ये राजीनामा दिला तो प्रतिनिधीगृहाचे मतदान होण्याआधीच. त्यामुळे ‘महाभियोगाने निक्सन गेले’ हे वाक्य चुकीचे आहे.

आपल्याकडे महाभियोग आहे तो फक्त राष्ट्रपतींसाठी, अनुच्छेद ६१ मध्ये, आणि कारण एकच : संविधानाचा भंग. ज्या सभागृहात दोषारोप मांडायचा, तिथल्या किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्यांची लेखी नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागते. मग ठराव त्या सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताने मंजूर व्हावा लागतो. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या, तर सह्या १३६ आणि मते ३६२. हजर किती आहेत याच्याशी संबंध नाही. त्यानंतर दुसरे सभागृह चौकशी करते आणि तिथेही तेवढेच बहुमत लागते. उपराष्ट्रपतींना दूर करण्याची तरतूद वेगळी आहे, तिची सुरुवात राज्यसभेतूनच होते आणि तिथेही महाभियोग हा शब्द नाही.

न्यायाधीशांसाठी अनुच्छेद १२४(४) म्हणतो ‘पदावरून दूर करणे’, तेही सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा अक्षमता या कारणावरूनच. नोटिशीवर लोकसभेचे १०० किंवा राज्यसभेचे ५० सदस्य सही करतात. लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती ती दाखल करून घेतात किंवा फेटाळतात. २०१८ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीशांविरुद्धची नोटीस सभापतींनी याच टप्प्यावर फेटाळली होती. दाखल झाली, तर १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्यानुसार तीन सदस्यांची समिती चौकशी करते. समितीने निर्दोष ठरवले, तर विषय तिथेच संपतो.

मतांचा हिशेबही इथे दुहेरी आहे. एकूण सदस्यसंख्येचे बहुमत हवेच, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश हवे. ४०० जणांनी मतदान केले, तर दोन तृतीयांशाला २६७ मते पुरतात, पण ५४३ च्या सभागृहात २७२ च्या खाली ठराव पडतो. ५०० जणांनी केले, तर २७२ पुरत नाहीत, ३३४ लागतात. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांच्या बाबतीत मे १९९३ मध्ये लोकसभेत यातली पहिली अट आड आली. ठरावाच्या बाजूने १९६ मते, विरोधात एकही नाही, आणि तरीही ठराव नामंजूर, कारण सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य तटस्थ राहिले आणि एकूण संख्येचे बहुमत झाले नाही. ‘विरोधात शून्य’ एवढेच छापले, तर वाचकाला वाटेल न्यायमूर्ती गेले.

मुख्य निवडणूक आयुक्तांना दूर करण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांप्रमाणेच आहे, म्हणजे तोही महाभियोग नव्हे. राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर असतात, त्यांच्यासाठी असा ठरावच नाही. मंत्रिमंडळाविरुद्ध असतो तो अविश्वास ठराव.

संसदेत आणि वकिलांच्या बोलण्यात न्यायाधीशांसाठी महाभियोग हा शब्द रुळला आहे, हे खरे. बोलताना तो चालून जाईल. छापताना मात्र आधी ‘हटवण्यासाठी नोटीस’, मग ‘नोटीस दाखल’, मग ‘समितीची चौकशी’ आणि दोन्ही सभागृहांनी ठराव मंजूर करून राष्ट्रपतींचा आदेश निघाला, तरच ‘पदच्युत’ असे लिहावे, ही कळकळीची विनंती. यातला एकही शब्द महाभियोगापेक्षा कठीण नाही.

आपला,
एक वाचक