आधी टाळ हातात

दांडिया बाजार, बडोदे
दि. ९ फेब्रुवारी

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, ऑफिसच्या टोस्टमास्टर्स क्लबात २६ जण होते, आता ११ उरलेत, आणि मेंबरशिपचं खातं माझ्या गळ्यात पडलंय." मी नुसतं हं हं केलं. कारण मी स्वतःच असा गळालेला मेंबर आहे. तुला कधी सांगितलं नाही एवढंच.

कारखान्यात असताना आमच्याकडेही असा, चारचौघांत भाषण करायचा सराव देणारा, क्लब निघाला होता. दर गुरुवारी, कँटीनच्या वरच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत. पहिल्या दिवशी टाळ्या झाल्या, पैसे भरले, बिल्ला मिळाला. मग सहा गुरुवार मागच्या खुर्चीत बसून त्याच दोन साहेबांची भाषणं ऐकली. माझं पहिलं भाषण, ते चार ते सहा मिनिटांचं आइसब्रेकर, सातव्या गुरुवारी होतं. तुझ्या आजोबांच्या सायकलवर लिहिलं होतं. तुझ्या आईसमोर उभं राहून तीनदा म्हणून दाखवलं. त्या दिवशी मोठे साहेब बोलतच राहिले. वेळ बघणारा पोरगा ट्रेनी. त्याने वेळ संपल्याचं लाल कार्ड अर्धवट उचललं आणि पुन्हा मांडीवर ठेवलं. "तुमचं पुढच्या वेळी." पुढच्या वेळी मी गेलोच नाही. त्याच्या पुढच्याही. "का हो, दिसला नाहीत?" असं एकानेही विचारलं नाही. तो कागद अजून विम्याच्या फाइलीत आहे.

पोस्टर लाव, पाहुण्यांना समोसे दे, सगळं कर. सेव-उसळीसाठी आपण बडोदेकर कुठेही जातो, तसे लोक येतील. पण टिकणार नाहीत. आपल्या भजनी मंडळात नवा माणूस आला की बुवा आधी त्याच्या हातात टाळ देतात. गळा कसा आहे ते मागाहून. ठेका चुकला तरी तो मंडळाचा होऊन जातो. तुमच्याकडे असे टाळ पुष्कळ आहेत. वेळ बघणं, कोण किती वेळा "अं... म्हणजे" करतो ते मोजणं. पहिल्याच आठवड्यात यातलं एक काम दे, आणि आइसब्रेकरची तारीख त्याच दिवशी ठरव. ती कोणासाठीही हलवायची नाही. आयत्या वेळच्या विषयावर मात्र नव्याला न विचारता उभं करू नकोस, काहीजण त्या धसक्यानेच पळतात.

ऑफिसातल्या क्लबाची खरी गोम हुद्द्यात आहे. समोर आपलं अप्रेझल लिहिणारा बसलाय म्हटल्यावर चुकायला कोण धजेल? तुमच्या साहेबांना एकदा घड्याळ धरायला लाव, आणि त्यांच्या भाषणाचं मूल्यमापन एखाद्या नव्या मुलीला करू दे. ते हसून ऐकताना दिसले की बाकीच्यांच्या जिभा सुटतील. मीटिंग दीडला संपणार म्हणजे दीडलाच.

वर्गणीचं नूतनीकरण १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला असतं ना? मग मार्चअखेर पैसे मागत फिरण्यात अर्थ नाही. आत्ताच त्या पंधरा जणांना एकेकाला चहाला ने. मेल नको. "परत या" असंही नको, कुठे अडलं ते विचार. एखाद्याची शिफ्ट बदलली असेल, एखाद्याच्या खणात माझ्यासारखा कागद असेल. आणि ११ म्हणजे बुडालो असं नाही. नवा क्लब काढायला २० लागतात, पण तगायला ८ पुरतात.

अजून एक. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या सांता आनाला टोस्टमास्टर्स क्लब काढणाऱ्या राल्फ स्मेडलींनी हा घाट आधी १९०५ मध्ये ब्लूमिंग्टनला घातला होता. पण त्यांची बदली झाली की मागे क्लब मिटायचे. तुझीही बदली होणारच कधीतरी, तेव्हा हे खातं दुसऱ्या कोणाला आतापासून शिकवायला घे.

होळीला येशील तेव्हा सायकलचं भाषण ऐकवतो. घड्याळ तू धर. लाल कार्ड आई दाखवणार आहे, आणि ती अर्धवट उचलणाऱ्यांतली नाही.

तुझा,
बाबा