पहाटेची बादली

दहिसर, मुंबई
रविवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी पहाटे आजी एकटीच खाली गेली होती, हे मी तुला फोनवर सांगितलं नाही. चारला उठली, मोरीतली बादली घेतली, दाराची कडी काढली आणि दोन जिने उतरून टाकीपाशी जाऊन उभी राहिली. वॉचमनने विचारलं तर म्हणाली, "आता पाणी येतला." तिच्या लेखी ती गिरगावच्या चाळीतच होती, नळ जायच्या आत पाणी भरून घ्यायचं होतं. मला कडीचा आवाज आला नाही. वॉचमनने बेल वाजवली, तीही दुसऱ्यांदा वाजली तेव्हा ऐकू आली.

म्हणून आज तुझ्या त्या लांबलचक मेसेजला नीट उत्तर देते. "आई, रक्ताची तपासणी करून घे, जीन्सचीही कर, पैसे मी भरते," असं तू लिहिलंस. आजीचा अल्झायमर बघून तुझ्या पोटात गोळा येतो, मलाही येतो. पण मी तीस वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलं आहे, तेव्हा या बाबतीत माझं ऐक. या आजाराशी जोडलेली पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड ही प्रथिनं रक्तात मोजणाऱ्या तपासणीला २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत मान्यता मिळाली, ती विसराळूपणाची लक्षणं दिसू लागलेल्या माणसांसाठी. लक्षणं नसताना मेंदूत अमायलॉइड सापडलं, तरी आजार कधी येईल, येईल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. जीन्सचंही तसंच. एपीओई ४ या जीनची एक प्रत असली तर धोका दोन-तीन पट वाढतो. पण ती असून म्हातारपणापर्यंत ठणठणीत राहिलेले आहेत आणि ती नसून आजारी पडलेलेही आहेत. असा कागद घरात आणून मी रोज चष्मा कुठे ठेवला याची धास्ती घेत बसू का?

त्या इंजेक्शनसाठी तू एफडी मोडायला निघालीस, ते वाचून मला रडू आलं. त्याची, म्हणजे लेकानेमॅबची, चाचणी १,७९५ लोकांवर झाली, सगळे अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले. दीड वर्षात त्यांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. थांबली नाही, गेलेलं परतही आलं नाही. काहींच्या मेंदूत सूज आली किंवा रक्तस्राव झाला, त्यामुळे पुन्हापुन्हा एमआरआय करावा लागतो. संशोधन म्हणून हे पाऊल मोठं आहे, इतकी वर्षं हातात काहीच नव्हतं. पण आपली आजी तो टप्पा मागे टाकून बरीच पुढे गेली आहे.

मला हलवून सोडलं ते वेगळ्याच गोष्टीने. हे अमायलॉइड लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साठायला लागतं. आजी विसरायला लागली तेव्हा शहात्तरची होती. म्हणजे ती तुला बालवाडीतून आणायची, वाटेत भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करायची, तेव्हाच आत सुरुवात झाली असणार. साठीला टेकलेली होती तेव्हा. मनू, मी आता अठ्ठावन्नची आहे.

तिच्या भाषांचंही आठवलं. घरात मालवणी, शाळेत मराठी (तीही चौथीपर्यंतच), बाजारात गुजराती, हिंदी. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने ६४८ रुग्ण अभ्यासले होते, २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांमध्येही फरक दिसला. आजीला अशी काही वर्षं मिळाली असतील का? मला तसं मानावंसं वाटतं.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली आहेत. ती सगळी दूर झाली तर जगातल्या डिमेन्शियाच्या जवळजवळ ४५ टक्के केसेस टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज. हा हिशेब अख्ख्या समाजाचा आहे, माझ्या एकटीचा नव्हे. पण त्यात सर्वांत मोठा वाटा असलेल्या दोन कारणांपैकी एक आहे कमी ऐकू येणं, आणि तू दोन वर्षं माझ्या कानांवरून ओरडते आहेस. बुधवारी जाऊन तपासून आले. दोन्ही कानांना मशीन लागणार. अमेरिकेतल्या ९७७ वृद्धांवरच्या चाचणीत मशीनमुळे सरसकट सगळ्यांना फरक पडला नव्हता. ज्यांना धोका जास्त होता, त्यांची बौद्धिक घसरण मात्र तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी झाली. माझ्यासाठी एवढं पुरे आहे. शिवाय मला ती कडी ऐकू यायला हवी.

त्या चौदांत डोक्याला मार लागणंही आहे. बंगळुरात स्कूटरवर मागे बसतेस तेव्हाही हेल्मेट घाल. आणि वर्षातून एकदा बीपी मोजून घे, तिशी जवळ आली तुझी.

फोन दुपारी चारनंतर कर, तेव्हा ती जरा निवांत असते. मराठीत विचारलंस तर गप्प बसते. मालवणीत "काय गो आजी, जेवलंस?" म्हण, मग बोलेल.

बादली मी लपवलेली नाही. रात्री झोपताना भरून मोरीत ठेवते. आजी पहाटे उठते, पाण्यात हात घालून बघते आणि परत येऊन झोपते.

तुझी,
आई