अपडेटनंतर टीव्हीची ‘बंद’ केलेली परवानगी पुन्हा चालू झाल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय/महोदया,

तुमच्या कंपनीचा स्मार्ट टीव्ही आमच्या घरी वर्षभर आहे. चित्राबद्दल, आवाजाबद्दल काही म्हणणं नाही. आम्ही टीव्ही बघतो, ते ठीक. टीव्हीही आम्हाला बघतो, ही तक्रार आहे.

पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवणारी सोय मी पहिल्याच दिवशी बंद केली होती. ती सापडायला वीस मिनिटं लागली, कारण ती ‘सपोर्ट’मध्ये, अटींच्या मजकुराखाली दडवलेली आहे. मागच्या आठवड्यात रात्री सॉफ्टवेअर अपडेट झालं. नंतर बघतो तर ते बटण परत चालू! मला ना विचारलं, ना कळवलं.

नेमकं अपडेटनंतरच्याच संध्याकाळी, बटण चालू झाल्याचं कळायच्या आधी, मी एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडून वडिलांचे तपासणीचे रिपोर्ट भावंडांना मोठ्या पडद्यावर दाखवत होतो. टीव्हीवरचं एकही अ‍ॅप उघडं नव्हतं. तरी राउटरच्या नोंदीत टीव्हीकडून दर मिनिटाला काहीतरी बाहेर जाताना दिसलं. तुमच्या हेल्पलाइनवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, “सर, चित्र जात नाही, फक्त ठसा जातो.” अहो, बोटाचा ठसा म्हणजे तरी कुठे फोटो असतो? पण माणूस ओळखायला तो पुरतो.

हे काही माझ्या मनाचे खेळ नाहीत. संमतीशिवाय अशीच माहिती गोळा केल्याबद्दल अमेरिकेत २०१७ साली एका टीव्ही कंपनीला २२ लाख डॉलर भरावे लागले होते.

तेव्हा मला लेखी कळवा: अपडेटने माझी निवड का बदलली, त्या संध्याकाळपासून काय काय गोळा झालं आणि ते कोणत्या जाहिरात कंपन्यांकडे गेलं. ते सगळं पुसून टाका, ज्यांना दिलंत त्यांच्याकडचंही, आणि पुसल्याचं पत्र द्या. ‘आपली गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ हे ठरावीक उत्तर दोनदा आलं आहे, तिसऱ्यांदा नको.

तोवर मी टीव्हीचं वायफाय काढून टाकलंय. म्हणजे स्मार्ट टीव्हीचे पैसे भरून साधा टीव्ही वापरतोय. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक न्यायालयात जाईन.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, सेटिंगचे अपडेटआधीचे व नंतरचे फोटो, राउटरची नोंद