आईबरोबर मुलेही घर सोडतात: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कौटुंबिक हिंसेतून मुलांसह बाहेर पडणाऱ्या आयांसाठी पहिल्या पंधरवड्याची व्यवस्था

महोदया,

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली मंजूर झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. समुपदेशन केंद्रांत, निवाऱ्यांत आणि न्यायालयांत रोज याच कायद्याच्या आधाराने आमचे काम चालते. कायदा भक्कम आहे. त्याभोवतीची व्यवस्था मात्र बाई एकटीच येणार असे धरून उभी केली आहे. प्रत्यक्षात येते ती आई, बरोबर दोन-तीन मुले आणि घाईत भरलेली एक पिशवी. अशी आई पहिल्या पंधरा दिवसांत परत गेली, तर त्यामागे बहुतेक वेळा मुलांचाच प्रश्न असतो. मोठ्या मुलाला निवाऱ्यात घेतले नाही, धाकटीला सासरच्यांनी ठेवून घेतले, परीक्षा तोंडावर आली. मग यंत्रणा ‘समेट झाला’ असा शेरा मारून प्रकरण बंद करते. तो समेट नसतो.

निवाऱ्यापासून सुरुवात करतो. ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसाग्रस्त बाईला एकाच ठिकाणी मदत देणारे सरकारी केंद्र. तिथे मुक्काम जास्तीत जास्त पाच दिवसांचा. त्यानंतर शक्ती सदन, म्हणजे जास्त दिवसांचे सरकारी निवारागृह. तिथे मुली आईबरोबर राहू शकतात, पण मुलग्याला वयाची अट आहे. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असेल, तर त्याला बालगृहात ठेवण्याचा पर्याय पुढे केला जातो. हाच मुलगा बहुतेकदा आईला वाचवायला मध्ये पडलेला असतो. त्याला वेगळे ठेवून आत जायला कुठलीही आई तयार होत नाही आणि तिने तयार व्हावे अशी अपेक्षाही चूक आहे. इतर बायकांच्या खासगीपणासाठी ही अट ठेवली आहे हे आम्हाला समजते. पण त्यावर उपाय खोलीची रचना बदलण्याचा आहे. प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र दार आणि स्वतंत्र शौचालय असलेल्या दोन-तीन कुटुंबखोल्या राखून ठेवल्या, किंवा विभागाने भाड्याने घेतल्या, तरी हा प्रश्न बराचसा सुटतो. कायद्याच्या कलम ६ नुसार संरक्षण अधिकाऱ्याने (या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेल्या अधिकाऱ्याने) विनंती केल्यावर निवारागृहाने आसरा देणे बंधनकारक आहे. तो नाकारलाच, तर नकार लेखी द्यावा, एवढा आदेश आपण उद्या काढू शकता.

मुळात मुलांनी घर का सोडायचे? कलम १९ नुसार दंडाधिकारी नवऱ्यालाच सामायिक घराबाहेर जाण्याचा आणि तिथे पाऊल न ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. सतीशचंदर आहुजा प्रकरणात १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले, तरी तेवढ्या कारणाने सुनेचा तिथे राहण्याचा हक्क संपत नाही. नवरा बाहेर गेला की मुलांची शाळा, मैत्रिणी, शेजार, दवाखाना, काहीच बदलत नाही. तरीही ही मागणी अर्जात क्वचित दिसते, कारण अर्ज छापील नमुन्यावर भरले जातात आणि त्यात पोटगीपलीकडे फारसे कुणी जात नाही. संरक्षण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात सर्वांत जास्त वेळ कशाला द्यावा असे विचाराल, तर आम्ही हे कलम सांगू. अर्थात, नवरा जिवावर उठलेला असेल तिथे घरात राहणे सुरक्षित नसते. तो निर्णय बाईचाच असावा, तिच्यावर लादू नये.

आता तारखांकडे पाहा. कलम १२ नुसार अर्ज मिळाल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख, कलम १३ नुसार दोन दिवसांत नोटीस बजावणी, आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न. प्रत्यक्षात गाडी नोटिशीवरच अडते. नवरा पत्त्यावर सापडत नाही, घरचे नोटीस घेत नाहीत, आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे दुसरे दोन कार्यभार असतात. तिसऱ्या तारखेलाही ‘नोटीस बजावली नाही’ हेच लिहिलेले असते. यावर तोड कायद्यातच आहे. कलम २३ खाली शपथपत्र जोडले की दुसऱ्या बाजूला न ऐकताही अंतरिम आदेश मिळू शकतो. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याने डीआयआर (कौटुंबिक हिंसेच्या घटनेचा अहवाल) भरताना तीन गोष्टी त्याच दिवशी कराव्यात. शपथपत्र तयार करावे. कलम २१ खाली मुलांच्या तात्पुरत्या ताब्याची मागणी वेगळ्या परिच्छेदात लिहावी. आणि मुलांनी काय पाहिले, काय सोसले ते प्रत्येक मुलाच्या नावाने नोंदवावे. ‘मुलांनाही त्रास होतो’ या एका ओळीवर कुठलेही न्यायालय तातडीने आदेश देणार नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी सहा आठवड्यांत नेमण्यास राज्यांना सांगितले. नेमणूक म्हणजे नावासमोर पदनाम जोडणे नव्हे. त्या माणसाला फिरायला वाहन, चालू मोबाइल आणि बदली झाल्यावरही तोच राहील असा क्रमांक लागतो.

बाहेर पडण्याआधीच्या दिवसांबद्दल व्यवस्था जवळजवळ गप्प आहे. नियमांत सुरक्षा आराखड्यासाठी नमुना पाच दिलेला आहे, पण तो भरायचा राहून जातो किंवा नंतर कधीतरी भरला जातो. बाई जाणार आहे हे नवऱ्याला कळते तेव्हा आणि ती गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे, हा सर्वांत धोक्याचा काळ. म्हणून १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा ‘सखी’ केंद्रात पहिला फोन येतो तेव्हाच तयारी सांगायला हवी. मुलांचे जन्मदाखले, आधार, लसीकरण कार्ड, लग्नाचा दाखला किंवा फोटो, पासबुक, नवऱ्याच्या पगारचिठ्ठीची किंवा सात-बाराची प्रत यांच्या झेरॉक्स विश्वासातल्या माणसाकडे आधीच पोचवाव्यात. मुलांच्या रोजच्या औषधांचा थोडा साठा बाजूला ठेवावा. लहान मुलांना बेत आधी सांगू नये, त्यांच्या तोंडून तो निघतो आणि नंतर तो दोष मूल स्वतःकडे घेते.

फोनचा मुद्दा वेगळा लिहितो, कारण पत्ता बहुतेकदा तिथूनच फुटतो. सिम नवऱ्याच्या नावावर असते. आधारला त्याचाच नंबर जोडलेला असतो, त्यामुळे प्रत्येक ओटीपी त्याच्या हातात जातो. बाईच्या गूगल खात्याचा पासवर्ड त्याला माहीत असतो. तिचा फोन बदलला तरी मुलाच्या टॅबवर लोकेशन चालूच राहते. ‘सखी’ केंद्रात पहिल्याच दिवशी नवे सिम, नवे खाते, मुलांच्या उपकरणांची तपासणी आणि आधारमधला मोबाइल क्रमांक बदलण्याची सोय व्हावी.

पत्ता फुटण्याची दुसरी जागा पोलीस ठाणे. नवरा ‘बायको-मुले हरवली’ अशी मिसिंग दाखल करतो, पोलीस शोधून काढतात आणि तिला त्याच्या समोर ठाण्यात बोलावतात. सज्ञान बाई स्वेच्छेने गेली असल्याचा जबाब ‘सखी’ केंद्रात किंवा ती असेल त्या हद्दीतल्या ठाण्यात नोंदवून मिसिंग बंद करता येते, तिचा ठावठिकाणा नवऱ्याला सांगायची गरज नसते. न्यायालयीन कागदांतही पत्रव्यवहारासाठी वकिलाचा किंवा संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता द्यावा.

तिसरी जागा शाळा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला दुसऱ्या शासकीय वा अनुदानित शाळेत जायचे असेल, तर मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. प्रत्यक्षात जुनी शाळा वडिलांची सही मागते आणि नवी शाळा दाखला मागते. शिवाय ऑनलाइन विनंती जुन्या शाळेत गेली की नव्या शाळेचे नाव तिथल्या कार्यालयात पोचते, आणि वडील ते विचारून घेतात. शिक्षण विभागासोबत संयुक्त परिपत्रक काढून अशा मुलांची बदली गटशिक्षणाधिकाऱ्यामार्फत व्हावी आणि नव्या शाळेचे नाव जुन्या शाळेला दिसू नये.

दवाखान्यांबाबत एकच गोष्ट सांगतो. गळा आवळल्यावर बाहेरून खूण दिसतेच असे नाही. म्हणून प्रत्येक बाईला डॉक्टरांनी आवाज बसला का, गिळताना दुखते का, शुद्ध हरपली होती का हे विचारून एमएलसीत (पोलीस प्रकरणासाठीच्या वैद्यकीय नोंदीत) लिहावे. ‘किरकोळ मार’ या नोंदीने धोका झाकला जातो.

पैशाचे सांगायचे तर अंतरिम पोटगीचा आदेश निघूनही हातात काही पडत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) नुसार पोटगी थकली की दंडाधिकारी नवऱ्याच्या मालकालाच पगारातून रक्कम थेट बाईला देण्यास सांगू शकतात. त्यासाठी लागणारी माहिती, म्हणजे मालकाचे नाव, पत्ता आणि पगार, संरक्षण अधिकाऱ्याने पहिल्याच अर्जात घ्यावी. ती गोळा करायला थकीची वाट पाहत बसायला नको.

शेवटी आदेशांची अंमलबजावणी. संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तरी ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन बाईला परत पाठवले जाते, कारण आदेशाची प्रत ठाण्यात पोचलेलीच नसते. कलम २४ नुसार ती मोफत पोचायला हवी. प्रत पोचल्याची ठाण्याची पोच संरक्षण अधिकाऱ्याच्या फाइलला लागेपर्यंत आदेश बजावला असे विभागाने धरू नये. शिवाय अर्जाची तारीख, नोटीस बजावल्याची तारीख, अंतरिम आदेशाची तारीख आणि सोबतच्या मुलांची संख्या, हे चार रकाने नावे वगळून जिल्हावार दर तीन महिन्यांनी विभागाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत. पहिला तक्ता येत्या तिमाहीत यावा, अशी आमची विनंती आहे.

आपल्या,
कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांत काम करणाऱ्या समुपदेशक, वकील आणि निवारा कार्यकर्त्या