भिंतीवरच्या पानाची मागची बाजू आम्हाला पाहू द्या

वसई परिसरातल्या आमच्या ग्रंथालय मंडळाचं हे आवाहन. तुमच्या घरी किंवा परदेशातल्या नातलगांकडे जुन्या लॅटिन गायनपोथीचं एखादं पान फ्रेम करून लावलेलं असेल, तर त्याचे फोटो पाठवा. मोठाली काळी अक्षरं, रेघांवर चौकोनी स्वर, कधी सोन्याचा वर्ख लावलेलं एखादं आद्याक्षर, अशी ती ओळखू येतात.

ग्रेगोरियन गायनाच्या, म्हणजे चर्चमधल्या जुन्या लॅटिन उपासनागीतांच्या, या चर्मपत्री पोथ्यांपैकी कितीतरी अर्ध्या मीटरहून उंच असत, कारण सगळ्या गायकांनी एकाच पोथीतून गायचं असे. नेपोलियनच्या काळात इटलीतले आणि १८३५-३६ मध्ये स्पेनमधले मठ बंद झाले, पोथ्या बाजारात आल्या आणि पानंपानं कापून विकल्या गेल्या.

पुढची, चित्राची बाजू सगळे दाखवतात. मागच्या बाजूची शेवटची ओळ आम्हाला जास्त मोलाची. तिथे शब्द बरेचदा अर्धाच तुटतो: ‘अल्ले’ इथे, ‘लूया’ पुढच्या पानावर. इटली-स्पेनच्या पोथ्यांत ओळीच्या टोकाला ‘कुस्तोस’ नावाची बारीक खूणही असते. पुढचा स्वर कुठे लागणार, ते ती गायकाला आधीच सांगते. शब्द आणि कुस्तोस दोन्ही जुळले, तर दोन वेगळ्या घरांतली पानं एकेकाळी शेजारी होती, असा अंदाज बांधता येतो.

फ्रेम मऊ कापडावर पालथी ठेवा, मागची चिकटपट्टी कापा, पुठ्ठा हलकेच उचला. पान पुठ्ठ्याला चिकटलेलं दिसलं तर तिथेच थांबा. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरे. शेजारी मोजपट्टी ठेवा. समासातला रोमन आकडा आणि शिवणीची भोकं फोटोत येऊ द्या.

पान सपाट करायला इस्त्री, ओलं कापड, लॅमिनेशन यांतलं काहीही करू नका. चर्मपत्र म्हणजे कातडंच. पावसाळ्यात ते फुगतं, नंतर आकसतं. वर्खाखालचा खडूसारखा थर मात्र ताणला जात नाही. तो तडकतो, आणि काच पानाला टेकलेली असेल तर सुटलेलं सोनं काचेला चिकटतं.

म्हणून देणगीत रोख रकमेऐवजी आम्लविरहित पुठ्ठ्याचे १० मोठे ताव, २ आर्द्रतामापक आणि ३ किलो सिलिका जेल हवं आहे. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं कृपया देऊ नका, त्यांतली स्थिर वीज सुटे रंग ओढून घेते.

आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होण्याआधी लॅटिन गायलेल्या ज्येष्ठांनो, या ओळी तुम्ही आमच्यापेक्षा लवकर ओळखाल. शक्य असेल तर एखादी दुपार आमच्यासाठी काढा.