धंतोलीच्या डॉक्टर मॅडम, आईच्या गुडघ्यासाठी थँक्यू

नमस्कार मॅडम,

नागपूरच्या महाल भागातली माझी आई आठवत असेलच तुम्हाला, डावा पाय, मांडीत 1989 सालची प्लेट. परवा गुडघा बदलायच्या ऑपरेशनला सहा महिने झाले म्हणून हे लिहून राहिली आहे, खरं तर कधीचंच लिहायला पाहिजे होतं.

तुमच्याआधी एका ठिकाणी दोन मिनिटांत सांगितलं की आत प्लेट आहे, हाड वाकडं जुळलंय, गोळ्या घ्या. आई ऑटोत घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. गुडघ्यातली गादी पार झिजलेली, रात्री कूस बदलली तरी कण्हायची, आणि गोळ्या घ्या!

तुम्ही एक्सरे लाइटवर लावला आणि आईलाच जवळ बोलावलं. नेहमी मांडीच्या हाडाच्या पोकळीत रॉड घालून मग हाड कुठून कापायचं ते ठरवतात, इथे स्क्रू आडवे येतात म्हणून रॉड जाणारच नाही, हे तुम्ही पेनाने दाखवलं तेव्हा कुठे आम्हाला अडचण समजली. मग सीटी स्कॅनवरून तिच्याच हाडाच्या मापाचा इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम सांधा, आणि कापायची जागा दाखवणारा नायलॉनचा साचा. मी लगेच विचारलं, मग हे सगळ्यांनीच करायला पाहिजे ना? तुम्ही सरळ नाही म्हणालात, बहुतेकांना तयार साइजचा छान बसतो, हा त्याहून चांगला चालतो असं काही पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण आईंना गरज आहे. खर्चाचा कागद समोर असताना असं कोण बोलतं हो? आमचा विश्वास तिथेच बसला.

इम्प्लांट बनून यायला सात आठवडे लागले, भर मे महिना, आणि आई रोज कूलरसमोर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तुमचा व्यायाम करायची, मोठ्याने आकडे मोजत. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभी राहिली तेव्हा मी रडून राहिली होती आणि ती सिस्टरला विचारत होती, चहा कधी येतो.

आता बुधवारी बाजारातून भाजी स्वतः आणते. खाली मांडी घालून बसू नका म्हणालात ते पाळते, पूजा खुर्चीवर बसून करते. तुम्ही दिलेलं तिच्या हाडाचं पांढरं मॉडेल शोकेसमध्ये आहे, कोणी आलं की काढून दाखवते, हा बघा माझा गुडघा.

तुमची,
आईची मोठी मुलगी