नान्नजच्या माळढोकासाठी वनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. वनमंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजजवळचा कोरडवाहू शेतकरी. गेल्या आठवड्यात आमच्या बांधापलीकडं माळावर विजेच्या नव्या लाईनचे खांब उभे राहिले, उघड्या तारांचे. माळढोक उडताना तारांना धडकून मरतो, म्हणून इथं तारा जमिनीखालूनच जातील असं मीटिंगमध्ये छातीठोक सांगितलं होतं. विचारलं तर उत्तर मिळालं, आता तो पक्षी तरी इथं कुठं राहिलाय!

डोकंच फिरलं साहेब. 1979 ला आमच्या जमिनी माळढोक अभयारण्यात गेल्या, तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर, पुढं ते बरंच कमी केलं. बहिणीच्या लग्नाला तुकडा विकायचा तर परवानगीसाठी हेलपाटे घालून वडील थकले, शेवटी सावकाराचे पैसे उचलले आणि ते फेडता फेडताच गेले. लहानपणी पावसाळ्यात नर गळ्याची पांढरी पिशवी पार खालपर्यंत फुगवून, शेपूट पाठीवर टाकून घुमायचा, तो हुंकार आमच्या वस्तीवर ऐकू यायचा. त्याच्यासाठी आम्ही सोसलं, मग तो का नाही वाचला?

1969 ला देशात बाराशेच्या वर होते म्हणतात, आता दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक जैसलमेरकडं. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. कच्छात नुसत्या माद्या उरल्या, नरच नाही, मग अंड्यातून पिल्लू निघणार कसं? इतके थोडे उरले की घरातल्या घरात सोयरीक होते, पिढी कमजोर होत जाते, आणि एखादी साथ आली की सगळ्यांना एकदम धरते. उद्या दीडशेचे पाचशे केलेत तरी मेलेल्यांबरोबर रक्तातलं जे वैविध्य गेलं ते परत येत नाही, हे तुमच्या मोजणीत कुठं दिसतं का?

सुप्रीम कोर्टानं 2021 ला राजस्थान-गुजरातेत तारा जमिनीखाली घाला म्हटलं, 2024 ला तोच आदेश सैल केला. महसूलच्या दप्तरी माळ म्हणजे पडीक, म्हणून कुणीही यावं आणि प्रकल्प टाकावा, आणि तुमच्याच खात्यानं माळावर ग्लिरिसिडियाची झाडं लावून ठेवलीत, झाडी वाढली की माळढोक तिथं थांबत नाही हे वनखात्याला शेतकऱ्यानं सांगायचं? आम्हाला गोठ्याची भिंत बांधायला परवानगी लागते, खांबांना लागत नाही, हा कुठला कायदा?

ती लाईन थांबवा. ग्लिरिसिडिया काढून कुसळी गवताचा माळ मोकळा करा. जैसलमेरच्या माळढोक प्रजनन केंद्रात जोड्या लावताना नातं तपासूनच लावा, आणि तिथली पिल्लं मोठी झाली की काही नान्नजला मागून घ्या. उत्तर लेखी द्या, तोंडी आश्वासनं आमच्याकडं भरपूर आहेत.

आपला,
नान्नज परिसरातला एक शेतकरी